पानठेला नसलेलं बेट

आमच्या दोन जिल्ह्यांत वाघ नसलेलं जंगल सापडेल, बस न जाणारं गाव सापडेल, पण पानठेला नसलेली जागा सापडायची नाही. मी शोधून पाहिली आहे. देवळाच्या पायरीशी ठेला, दवाखान्याच्या फाटकाशी ठेला, शाळेपासून लांब असावा असा नियम आहे म्हणून शाळेपासून जरा लांब ठेला. जिथे चहा मिळत नाही तिथे खर्रा मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घासघास घोटायचा, पुडी बांधायची आणि दिवसभर गालात ठेवायचा. आमच्याकडची अर्धी माणसं बोलताना वर बघून बोलतात ती काही देवभोळी म्हणून नव्हे.

त्यामुळे शाळेतली माझी एक सहकारी सुट्टीवरून तणतणत परत आली तेव्हा माझे कान टवकारले. धानोऱ्याकडे आत जंगलात एक मोठा जुना तलाव आहे, त्याच्या मधोमध टेकडी, टेकडीवर चार झोपड्या. गावातल्या लोकांनी मिळून तो निसर्ग-निवास काढला आहे. डोंग्यात बसून जायचं, झोपडीत राहायचं, पाखरं बघायची. ती म्हणाली, "अवो बाई, तिथी काहीच भेटत नाई! माह्या नवऱ्याले खर्र्यासाठी डोंग्यानं पल्याड जा लागलं, तं पल्याडही ठेला नाई. गावापर्यंत पैदल गेला तो!" मी तिला म्हटलं, नंबर दे.

पुण्याहून मुलगी फोनवर म्हणत होती, आई, बेटावरच जायचं तर अंदमानला जा, बाबांना समुद्र दाखव. तिला काय सांगणार? समुद्र बघायला तिच्या बापाने नकार दिला नसता, पण विमानतळावर उतरल्या उतरल्या त्याने काय शोधलं असतं ते मला ठाऊक होतं.

गोष्ट सरळ होती. पावसाळ्यात नवऱ्याच्या उजव्या गालाचं ऑपरेशन झालं. जबड्याचा तुकडा काढला, मांडीची कातडी कापून गालाला आतून लावली. नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वेळी सगळं निघालं आहे, पण पुन्हा उगवलं तर चाकू लावायला जागा उरलेली नाही. खर्रा अजिबात नको. होळीनंतर तपासायला या. म्हणजे होळीपर्यंत त्याचं तोंड कोरं ठेवायचं, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. मी ते पोलिसासारखं केलं. खिसे तपासले, स्कूटरची डिकी तपासली, बुटांत हात घातला. दिवाळीच्या सुमारास घर झाडताना थंडीसाठी झाकून ठेवलेल्या कूलरच्या आत पन्न्यांचा खच सापडला. त्या दिवशी मी इतकी ओरडले की शेजारीण वाटी मागायला आली होती ती वाटी न घेताच परत गेली.

नवऱ्याला मी समोर 'तुम्ही' म्हणते. लिहिताना 'तो' म्हणते, कारण लिहिताना जरा मोकळं बोलावंसं वाटतं. तर तो भद्रावतीला बारुदीच्या कारखान्यात होता. तिथे गेटवर आगपेटी काढून घेतात, साहजिकच आहे. विडी ओढणारी पोरं तिथे लागली की वर्षभरात खर्रा खाणारी होतात. माझा नवरा लग्नाआधी विडी ओढायचा, लग्नात तोंडात खर्रा होता. त्याच्या लेखी ही प्रगतीच होती. आणि खर्रा ही एकट्याने खायची वस्तू नाही, हे बाहेरच्यांना कळत नाही. पन्नी उघडली की आधी समोरच्यापुढे धरायची, त्याने चिमूट घेतली की मग आपण. ओळख तिथून सुरू होते. भांडण मिटलं की नाही तेही तिथेच कळतं. आमची सोयरीक जुळली तेव्हा माझ्या बाबांनी आणि सासऱ्यांनी एकाच पुडीतून खाल्लं होतं. हे सगळं सोडायला सांगणं म्हणजे माणसाला गावातून उठवण्यासारखंच आहे, पण मी सांगितलं. मला नवरा हवा होता, त्याची सोबत करणारी पंगत नको होती.

माघ लागला तसे आम्ही निघालो. मी सुट्टी टाकली, दोन पिशव्या भरल्या. तांदूळ, मूग, नाचणीचं पीठ, त्याची औषधं, आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा. त्या काड्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम करायचा असतो. जमेल तशी एकेक काडी वाढवत जायची. पिशव्या भरताना मी गाणं गुणगुणत होते, हे मला आठवतं. किती महिन्यांनी मला काहीतरी जिंकल्यासारखं वाटत होतं.

तलावाच्या काठावर डोंगा घेऊन एक माणूस उभा होता. तोच तिथला राखणदार, तोच नावाडी. बेटावर त्याची बायको स्वयंपाक करायची. दोघं नवराबायको मिळून ती जागा सांभाळत. पन्नाशीचा माणूस, बोलायला मवाळ, आणि डावा गाल फुगलेला. मी पिशव्या ठेवायच्या आधी त्याला विचारलं, "भाऊ, तोंडात काय आहे?"

तो लाजला. "खर्रा जी."

"हे पाहा, यांचं ऑपरेशन झालं आहे. यांले खर्रा द्याचा नाई."

"नाई देत ना बाई."

"मांगतला तरी नाई."

यावर तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "मांगतल्यावर कसा नाई म्हनाव बाई? आमच्या इथी मांगणाऱ्याले पानी अन् खर्रा, दोघाले नाई म्हनता येत नाई."

"तं मंग जवळ ठेवूच नका."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याच्या गालावरच्या वणाकडे पाहिलं. कमरेची पुडी काढली, काठावरच्या पळसाच्या फांदीला बांधली आणि तोंडातला खर्रा थुंकून चूळ भरली. "इथीच ठेवतो. आल्या-गेल्यावर खाईन." माझा नवरा हे सगळं ऐकत डोंग्यात बसला होता. तरी मी त्या माणसासमोर नवऱ्याचे खिसे चाचपून पाहिले. तो हात वर करून उभा राहिला, आमच्या शाळेतल्या सातवीतल्या पोरांसारखा. खिशात रुमाल होता.

बेट सुंदर होतं, हे कबूल करायला हवं. कुडाच्या भिंती, शेणामातीने लिंपलेल्या, वर कवेलूंचं छप्पर. ओसरीसमोर मोहाचं झाड आणि त्याच्याखाली बाज. चहूकडे पाणी, पाण्यापलीकडे सागाचं आणि येनाचं जंगल. वाघ तिकडेच राहतो, त्याला पोहत इकडे यायचं कारण नाही, म्हणून इथे माणूस एकटा कुठेही फिरू शकतो. एका खडकावर चढलं तर मोबाईलला रेंज यायची, बाकी कुठे नाही. दिव्याला सूर्याची वीज. दारावर पाटी होती, 'शांतता राखा'. ती बहुतेक पाहुण्यांसाठी असावी. मला मात्र शांतता मानवत नाही. चाळीस पोरांचा वर्ग शांत झाला की मला कळतं, कोणीतरी काहीतरी लपवतंय.

पहिले काही दिवस वाईट गेले. त्याचं डोकं दुखायचं, भर दुपारी घाम यायचा, चिडचिड व्हायची. ऑपरेशनपासून त्याचं बोलणं जाड झालं होतं, जीभ पुरती वळत नव्हती. बाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून तो बोलणंच टाळायचा. चिडल्यावर तर मलाही कळायचं नाही. मी मनात म्हणायची, चिडा, किती चिडायचं तेवढं चिडा, हा खर्रा निघतोय अंगातून. मला त्याच्या प्रत्येक त्रासाचा आनंद होत होता. सकाळी पाण्याकडे तोंड करून मी बुद्धवंदना घ्यायची आणि शेवटी, आपल्याकडे मागणं मागत नाहीत हे माहीत असून, एक मागणं मागून घ्यायची.

मग तो निवळला. एकदम निवळला. उठायचा, बाजेवर बसायचा, पलीकडच्या काठाकडे बघत राहायचा. पाणकावळे पंख पसरून खडकांवर बसलेले असायचे. मी विचारायची, "काय पाहून राह्यले?" तो हाताने पाखरांकडे दाखवायचा. खिसे तपासायची सवय मी सोडली नव्हती, पण रोज रुमालाशिवाय काही निघेना. कूलर इथे नव्हताच. काड्यांचा व्यायाम तेवढा तो टाळायचा, उद्या करू म्हणायचा. मीही ताणलं नाही. माणूस एवढं मोठं काम करतोय, काड्यांचं काय घेऊन बसायचं!

खाणं कमी झालं होतं. स्वयंपाकीण बाई त्याच्यासाठी रोज वेगळं करायची. कधी भाताची पेज, कधी आंबील, कधी पोपटाचे, म्हणजे वालाचे, दाणे शिजवून, साल काढून, अगदी लोण्यासारखे घोटून. ती वाटी समोर ठेवून जरा दूर उभी राहायची. तो दोन चमचे घेऊन वाटी खाली ठेवायचा आणि तिला हात जोडायचा. मी म्हणायची, तल्लफ मारली की भूक मरते, येईल आता हळूहळू. ती वाटी उचलून न्यायची.

एका दुपारी मी चुलीपाशी तिच्याजवळ बसले होते. ती सांबार निवडत होती, नागपूरच्या पलीकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. खाली मान घालून ती म्हणाली, "बाई, एक सांगू का? रागवू नोका."

"सांगा ना."

"भाऊले मी खर्रा धरला होता."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुमाले सांगतलं होतं ना! पहिल्याच दिवशी सांगतलं होतं!"

"मले कोनी नाई सांगतलं जी. धन्याले सांगतलं असन. मी खातो थोडासा, डब्यात राहते माह्या. भाऊ गरम पानी मांगाले आले, म्हनून धरला. पाहुण्यासमोर एकटीनं कसा खाव?"

"मंग?"

"घेतला नाई त्यायनं."

ती पानं खुडत राहिली. "दोनदा धरला, बाई. पहिल्यांदा हातानंच नाई म्हनले. काल पुन्हा धरला, तं वासानंच मान फिरवली." मग म्हणाली, "माह्या सासऱ्याचंही असंच झालं होतं."

सासऱ्याचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही. जन्मभर पोरांना 'पुढे काय झालं?' विचारत आले, आणि तिथे नेमकी गप्प बसले. गप्प तरी कुठे, मी उठून तिला मिठीच मारली. समोर धरलेला खर्रा, आमच्या माणसाने, कोणी बघत नसताना, माझा धाक नसताना, परत केला! पोलीस नसताना चोराने चोरी सोडली तर पोलिसाला काय वाटेल? मला नाचावंसं वाटत होतं. मी विचारलं, "रवा आहे का?"

रवा होता. गूळही होता. मी स्वतः चुलीशी बसून शिरा केला. तूप सढळ घातलं, रवा पातळ ठेवला, गिळायला सोपा जावा म्हणून. बाई शेजारी बसून जाळ सारत होती. मी तिला सगळं सांगत सुटले. कारखान्यातलं, कूलरमधलं, डॉक्टर काय म्हणाले ते. होळीनंतर नागपूरला जाऊ तेव्हा डॉक्टरांना सांगेन की औषधाने नाही, तुमच्या या बेटाने बरा केला. तिने एकदाच मान वर करून पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, धूर.

त्याला ओसरीवर बसवून मी वाटी हातात दिली. म्हटलं, "मले सगळं समजलं. बाईनं खर्रा धरला होता, तुमी घेतला नाई." तो माझ्याकडे बघत होता. "इतक्या वर्षांचा खर्रा सोडला तुमी! मले सांगतलं काऊन नाई? मी मात्र खिसे पाहत बसली, येड्यासारखी." मी हसत होते आणि रडतही होते. त्याने चमचा उचलला. माझ्यासाठी उचलला, ते मला आता कळतं. शिरा तोंडात घातला, बराच वेळ घोळवला, डोळे मिटून गिळला. रुमाल तोंडाला लावला. रुमाल खाली आला तेव्हा त्यावर शिऱ्याचे कण होते आणि रक्त होतं.

मी म्हटलं, "कातडी खरचटली असन. रवा जाड राह्यला का?"

त्याने वाटी बाजूला ठेवली. माझा हात धरला, माझं बोट आपल्या डाव्या जबड्याखाली नेऊन दाबलं. डाव्या, चांगल्या बाजूला. तिथे एक गाठ होती. बोरासारखी, घट्ट, हलत नसलेली. मी हात काढायला गेले तर त्याने काढू दिला नाही.

"इथी," तो म्हणाला. जाड जिभेने, पण सावकाश आणि स्पष्ट. "पहिल्या वेळीही अशीच लागली होती हाताले."

"कवापासून आहे?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

"अन् मले काऊन नाई सांगतलं?"

"तू पिशव्या भरून राह्यली होती," तो म्हणाला. "गाणं म्हनून राह्यली होती."

मी तरीही बोलले, मला गप्प बसता येत नाही. उद्याच नागपूरला जाऊ म्हटलं. दुसरा डॉक्टर पाहू, मुंबईला जाऊ, मुलीला बोलावू. गाठ म्हणजे तीच कशावरून, दातामुळेही सुजतं. तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्याने नाही अशी मान हलवली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं ते, चाकूला जागा नाही म्हणून, ते त्यालाही सांगितलं होतं. डॉक्टर काय एकालाच बाजूला घेतात?

शेवटी मी चिडून विचारलं, "मंग खर्रा तरी काऊन नाई घेतला? बाईनं धरला तवा?" हा प्रश्न मी, माझ्या तोंडाने, त्याला विचारला.

"गोड नाई लागत," तो म्हणाला. "शिराही नाई लागला. काहीच नाई लागत. तोंडात राख भरल्यावानी वाटते." आणि म्हणाला, "मी सोडला नाई, अवो. तो सुटला."

इतके दिवस मी जे जिंकणं म्हणून मोजत होते ते उलटं होतं. चिडचिड थांबली, मी म्हटलं सुधारतोय. बाजेवर शांत बसला, मी म्हटलं मन लागलं. पेज नको म्हणाला, मी म्हटलं तल्लफ मेली. त्या चुलीपाशी बसलेल्या बाईने, डॉक्टर नाही, नागपूर नाही, समोर धरलेल्या खर्र्यावरून मान फिरलेली पाहिली आणि तिला कळलं. आमच्या बाजूच्या कोणालाही कळलं असतं. अशा घरांत हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, की मरेपर्यंत न सुटणारी गोष्ट आपोआप सुटली तर आनंद करायचा नसतो. मी शिरा केला.

मी तिथून उठले आणि चालायला लागले. बेटावर राहण्यात हा एक दोष आहे. माणूस पाय आपटत निघून गेला, तरी थोड्या वेळात फिरून त्याच मोहाखाली येतो. मी किती फेऱ्या मारल्या ठाऊक नाही. ओरडावंसं वाटत होतं, पाटीवर लिहिलं होतं शांतता राखा. पाणकावळे बसले होते. मला त्यांचाही राग आला. गेटवर काढून घेतलेल्या त्या आगपेट्यांचा राग आला, कूलरमधल्या पन्न्यांचा राग आला, आणि सगळ्यात जास्त राग आला तो या माणसाचा, ज्याने गाठ जबड्याखाली घेऊन मला हौसेने पिशव्या भरू दिल्या. खडकावर चढून मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "कसं वाटतंय बेटावर? बाबा खूश आहेत का?" मी म्हटलं, हो, मस्त आहे, आवाज तुटतोय, नंतर करते. आवाज तुटत नव्हता.

परत आले तेव्हा तो बाजेवर आडवा झाला होता. मी त्याच्या पायाशी बसले. त्याने पाय सरकवून मला जागा करून दिली, इतकंच. कशाचीच आशा उरलेली नव्हती आणि तरी संध्याकाळी बाईने विचारलं, पेज टाकू का, तर मी म्हटलं टाका.

सकाळी नावाडी पलीकडे निघाला तेव्हा मी म्हटलं, मीही येते. काठावर उतरल्यावर तो रोजच्यासारखा पळसाकडे गेला, फांदीची पुडी सोडायला लागला. मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले.

"भाऊ, तो खर्रा मले द्या."

तो वळला. "तुमी खाता का बाई?"

"यांच्यासाठी पायजे."

बायकोने त्याला सांगितलं असावं. त्याने उलट प्रश्न केला नाही, पहिल्या दिवशीचं माझं बोलणं मला ऐकवलं नाही. फक्त म्हणाला, "हा बासा झाला. ताजा घोटून देतो." डोंग्याच्या कडेला बसून त्याने पिशवीतली नवी पन्नी काढली. सुपारी जास्त घेतली, तंबाखू नावाला, चुना नखाच्या टोकाएवढा. म्हणाला, "तोंडाले लागाले नाई पायजे." आणि मांडीवर ठेवून घोटत बसला, बराच वेळ, सुपारी अगदी मऊ होईपर्यंत. मी शेजारी उभी राहून बघत होते. या वासाच्या मागावर मी किती वर्षं घालवली होती, आणि आता खर्रा घोटून व्हायची वाट बघत होते.

बेटावर आलो तेव्हा नवरा मोहाखाली बसला होता, बाई अंगण झाडत होती. मी त्याच्यासमोर जाऊन पन्नी उघडली, तळहातावर घेतली आणि त्याच्यापुढे धरली, जशी धरतात तशी. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याच्यापुढे कधी खर्रा धरला नव्हता.

त्याने पन्नीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अर्ध्या चेहऱ्याने हसला. तेवढाच हसू शकत होता. पन्नी हातात घेतली, पण तोंडाकडे नेली नाही. रीतीप्रमाणे आधी नावाड्यापुढे धरली. नावाड्याने चिमूट घेतली. मग बाईपुढे धरली. तिने झाडणी खाली ठेवून, पदराला हात पुसून, चिमूट घेतली. उरलेला खर्रा त्याने नीट गुंडाळला, पन्नीला पीळ घातला आणि पुडी माझ्या हातात परत दिली.

"ठेवून दे," तो म्हणाला. "बसाले येतीन लोक. त्यायच्यासमोर ठेवाले होईन."

आमच्याकडे दुःखाच्या घरी बसायला आलेल्या माणसांपुढे खर्रा ठेवतात. बोलायला कोणाजवळ काही नसतं, निदान तोंडाला काम मिळतं.

मला भयंकर संताप आला. "एवढ्याशा पुडीनं काय होते?" मी म्हटलं. "तुमच्यासाठी का चार लोक येतीन? अख्खी कॉलनी येईन. तिन्ही शिफ्ट येतीन. ओसरीत मावणार नाई, रोडवर सतरंज्या टाका लागतीन!"

तो ऐकत होता, मान हलवत होता, एखाद्याला आपल्या मनासारखा हिशोब ऐकू यावा तसा.

"तं मंग जास्त सांगून ठेव," तो म्हणाला.

"सांगीन," मी म्हटलं, आणि तिथेच, त्या दोघांच्या देखत, मोठ्याने रडायला लागले.